मे महिन्यातली शाल

मुखेडचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला हे पटायचे नाही; पण दोन वर्षांपूर्वी भर मे महिन्यात आमची ही अंगावर शाल घेऊन बसे. आम्ही घामाने निथळत असू आणि ही म्हणे, "अहो, तो पंखा जरा बंद करा ना!"

थायरॉईड मंदावल्याचे निदान जुनेच होते. गोळी चालू होती आणि ती देण्याचे खाते माझ्याकडे. पहाटे उठून मी चहा करी, बशीत गोळी ठेवी आणि थकव्यावर म्हणून आणलेली लोहाची गोळीही शेजारीच. विसरायला नको! पाच वर्षांत एका दिवसाचा खाडा नाही. या एका बाबतीत तरी मी आदर्श नवरा आहे, असा माझा समज होता.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी टीएसएचचा चढलेला आकडा पाहून विचारले, "गोळी घेता कशी?" मी अभिमानाने सारा कार्यक्रम सांगितला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. चहाबरोबर घेतलेली गोळी नीट अंगी लागत नाही आणि लोह तर तिला आतड्यातच अडवून धरते. तेव्हा गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, लोह चार तासांनी. मात्रा तीच ठेवून 8 आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळच्या ग्रंथीने गळ्यातल्या ग्रंथीला मारलेली हाक. खालून उत्तर येईना की हाक चढत जाते. आमच्या घरी ती चढत होती आणि मी चहात आले किसत होतो.

आकडा उतरला. शाल ट्रंकेत गेली. पण चार पायऱ्या चढली की ही खाली बसे. तळपायांना मुंग्या येत. मी म्हटले, "अगं, रिपोर्ट तर छान आलाय की!"

"रिपोर्ट बरा झाला असेल," ती म्हणाली, "मी नाही झाले."

शेजारणींनी वयाला दोष दिला. मी, लिहायला लाज वाटते, हिच्या मनाला दिला.

पुन्हा एस.टी., पुन्हा नांदेड. या खेपेस रक्तातले बी-12 फारच कमी निघाले. आमच्यासारख्या शाकाहारी घरात ते कमी पडू शकते. शिवाय ज्यांचे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उठते, त्यांच्या जठरातही कधी कधी असेच बंड होऊन हे जीवनसत्त्व शोषले जात नाही. इंजेक्शने सुरू झाली. मुंग्या हळूहळू ओसरल्या. थकवा मात्र अजून एखाद्या संध्याकाळी डोकावून जातो.

आता पहाटे हिच्यापुढे पाण्याचा तांब्या असतो आणि चहा मी झाकून ठेवतो. तासभर ही माझ्याकडे पाहते, मी घड्याळाकडे. एकट्याने पिण्याचा धीर अजून झालेला नाही.