हशा कुणाच्या बोलीवर?

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. हलका धान घरात आलेला, लेकी-जावई, पाहुणे गावात. मंडपात तिकीट काढून बसलेली माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. या नाटकांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा रेल्वेने अर्जुनी मोरगाव सोडलं की जवळच. तिथल्या कंपन्या होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीत, फिरतात. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, पैसे उभे करतं, तोटा आला तर तोही सोसतं.

लोकप्रिय संस्कृती हा माझा अभ्यासविषय आहे आणि झाडीपट्टीचं नाटक मी त्याच नजरेने पाहते. तिथे मला एक गोष्ट सतत खुपते. नायक प्रमाण मराठी बोलतो. नायिका, वकील, फौजदार, गावचा पाटीलसुद्धा बहुधा तीच बोलतात. इथली झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. प्रेक्षक मनापासून हसतात, कारण ते घरचं बोलणं असतं. पण मुलीच्या लग्नाची चिंता, जमिनीचा वाद, आईचं मरण हे सगळं मात्र दुसऱ्याच भाषेत रडावं लागतं. शेजारी बसलेली बाई ज्या बोलीत नातवाला निजवते, त्या बोलीत रंगमंचावर कुणी दुःख करत नाही.

हे झाडीपट्टीनेच सुरू केलं असं नाही. मराठी सिनेमा आणि मालिकांनी वैदर्भी बोली नोकराला, गावंढळ पाहुण्याला, हमखास हशा मिळवणाऱ्याला दिली. पडद्यावर हिणवलेली बोली आपल्याच मंडपातही हिणवली जाते, तेव्हा नुकसान जास्त होतं. शाळेत गप्प बसणाऱ्या पोरांच्या गप्प बसण्यात याचाही वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. याच मातीतल्या दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांत बोली संकोचत नव्हती. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा आयुष्यभर अभ्यास केला. नाटककारांनी त्यातून उचलावं असं पुष्कळ आहे.

मग बोलीच्या या हेटाळणीबद्दल कुणी बोलत का नाही? कारण समीक्षाच होत नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मी वाचलेल्या बातम्यांत त्यांच्या भूमिकांचे आणि प्रयोगांचे आकडे होते. त्या नाटकांनी स्त्रीविषयी, जातीविषयी, सावकाराविषयी काय सांगितलं, याबद्दल एक ओळ नव्हती. मुंबई-पुण्याच्या नाटकाला परीक्षण मिळतं, झाडीपट्टीला कौतुक किंवा नाक मुरडणं. ‘हंगामा असतो, नाचगाणी असतात’ म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. नाच मध्येच का घुसवला, त्याने तिसरा अंक कसा ढिला पडला, हे लिहायला रात्रभर बसावं लागतं. ज्याला आपण गंभीरपणे घेतो त्याचेच दोष दाखवतो; तेवढा मान या रंगभूमीला मिळाला पाहिजे.

विदर्भातल्या वर्तमानपत्रांनी हंगामभर आठवड्याला एक परीक्षण छापावं. लेखकांनी यंदा एका तरी नायिकेला झाडीबोली द्यावी आणि तिला रडू द्यावं. आणि वाचकहो, मंडईला आलात तर तिकीट काढून शेवटच्या अंकापर्यंत बसा, मग जे खटकलं तेही मंडळाला तोंडावर सांगा.