आमराईतली राई

वाडीला कुंपण असतं, आणि ते तिच्या नावातच आहे. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा. तिची झाली वाटिका, वाटिकेची आपली वाडी. म्हणून तर कोकणात नारळी-पोफळीच्या बागेलाही वाडी म्हणतात आणि चार घरांच्या वस्तीलाही. गडग्याच्या आत जे जपलं, ती वाडी. फारसीतून आलेली बाग महसुलाच्या दप्तरात शिरली नि बागाईत झाली. पाटा-विहिरीचं पाणी मिळेल ती बागाईत, पावसावर राहील ती जिराईत.

आमराई मात्र ना कुंपणाची, ना पाण्याची. आम्र आणि राजी मिळून हा शब्द झाला. राजी म्हणजे रांग. 'राजा'चा प्राकृतात 'राय' झाला, तसाच 'राजी'तला ज विरला आणि राई उरली. आपल्याला आमराई आपोआप उगवल्यासारखी वाटते. शब्द सांगतो, नाही, कुणीतरी अंतर धरून खड्डे घेतले होते. कोयीचा आंबा फळाला यायला आठ-दहा वर्षं सहज जातात. लावणाऱ्याच्या मनात तेव्हा स्वतःपेक्षा नातवंडंच असणार.

पुढे ही राई आंब्याला सोडून एकटीच निघाली आणि देवराईत जाऊन पोचली. तिथे रांग कसली! गारंबीच्या वेलींचे पीळ, पायाखाली कुजका पालापाचोळा, आणि देवाच्या नावामुळे कुऱ्हाडीला बंदी. रांगेचा शब्द दाटीचा झाला. त्याचा हा प्रवास मला फार आवडतो.

वाडीही एकदा कुंपणाबाहेर आली होती. मूळचा टोपऱ्याचा, आता दिल्लीत असलेला अशोकाचा स्तंभ आहे. इ.स.पूर्व ३ऱ्या शतकातल्या त्यावरच्या ७व्या लेखात राजा सांगतो, की जनावरांना नि माणसांना सावली मिळावी म्हणून आपण वाटांवर वड लावले, आणि 'अंबावडिक्या' लावल्या. अंबावडिक्या म्हणजे सरळसरळ आंबावाड्या! कुंपणातला शब्द राजाने रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हवाली केला.

आज रस्ता रुंद करायचा झाला की पहिली कुऱ्हाड कडेच्या जुन्या आंब्यांवर पडते, आणि बदल्यात शोभेची रोपं येतात. तिथे आंबेच लावावेत, कलमी नव्हे, कोयीचे, आणि रांगेत.