पेट्रोलचा वास

शिरूरहून दौंडला जाताना आमच्या जुन्या मोटारीत अम्मीला पेट्रोलचा वास यायचा. दौंडच्या मिस्त्रीचाचांनी काडेपेटी खिशात ठेवत विचारले, "टाकी फुल्ल केल्यावर जास्त येतो?"

"हो."

"मग इंजिनात नको, मागे बघू."

टाकीत पेट्रोल उतरते त्या रबरी नळीला तडे गेले होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. खाली साचते, एका ठिणगीने पेटते.

चाचा म्हणाले, "आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला सोसत नाही."

त्यांनी इथेनॉलला टिकणारी नळी, नव्या क्लिपा बसवल्या. वास गेला.

इथेनॉल आमच्या उसाच्या मळीपासूनही होते. उसाला भाव मिळावाच. पण जुनी गाडी गरिबाची असते. नळी वेळीच बदल, एवढे त्याला कोणीतरी सांगायला हवे.