माग थांबले की

जुलैत पंचगंगा फुगली की इचलकरंजीच्या गावभागात दिवसभर एकच विचारणा चालते, "पाणी किती फुटावर?" इथं ६८ फूट इशारा पातळी, ७१ धोक्याची. कुणी हा आकडा काढला तरी माझी आत्या उठून आत जाते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात तिचं घर पाण्यात होतं. पंचनामा झाला, भिजलेल्या मागांची नोंद झाली. तिच्या झोपेची चौकशी कुणी केली नाही.

तिला जाग येते ती शांततेनं. मागांच्या खडखडाटात इथली लेकरं बिनघोर झोपतात. त्या रात्री वीज तोडली, गल्ली एकदम गप्प झाली आणि पायरीला लागणारं पाणी तिला ऐकू आलं. आता रात्री वीज जाऊन माग थांबले की ती घामानं भिजून उठते, जमीन चाचपते, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरते. भर उन्हाळ्यातसुद्धा. नदी पात्रात आहे हे तिला ठाऊक असतं. अंगाला ते पटत नाही.

अशा त्रासाला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, म्हणतात. हे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९८० साली आलं. त्यामागं व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते, म्हणून तो जवानांचा आजार वाटतो. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात किल्लारीत घरं कोसळली, त्यानंतर तिथल्या माणसांना छताचीच भीती बसली. ती माणसं काही रणांगणावर गेली नव्हती.

अशा संकटातून बहुतेक जण हळूहळू सावरतात. महिना उलटूनही जे सावरत नाहीत त्यांना उपचार लागतात. "सगळ्यांचंच गेलं की, तूच काय धरून बसलीस?" असं पाहुणे तिला म्हणत, तेव्हा मला संताप यायचा. ताप आलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का?

आणि आत्याची भीती खोटीही नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. सैनिकाची सीमा घरापासून लांब असते. हिची परसामागं आहे, आणि त्याच नदीची ती वर्षानुवर्षं ओटी भरत आली. पाणी येणारच नाही, असा धीर तिला कोण देणार? ती ज्यांच्याकडं जाते त्या समुपदेशक बाईंनी तो दिलाही नाही. आजचा पाऊस आणि ती रात्र वेगळी ओळखायला त्या शिकवतात. कितव्या फुटाला घर सोडायचं, कबनूरला कुणाकडं जायचं, हे त्यांनी तिच्याकडूनच लिहून घेतलं. तेव्हापासून ती थोडी झोपते.

पूरग्रस्तांच्या छावणीत औषधांच्या गोळ्या वाटतात, तिथंच टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही द्यायला हवा, आणि महिन्यानं कुणीतरी घरोघर जाऊन झोप लागते का, एवढं विचारायला हवं. आत्या घाटावर अजून जात नाही. आम्ही आग्रह करत नाही.