नकाशात नसलेली नदी

पुण्यात वाढलेल्या माणसाने सायकलचा गर्व करू नये, असे कुठल्याही शास्त्रात सांगितलेले नाही. म्हणून मी तो भरपूर केला. गेल्या मे महिन्यात इटलीतल्या सानसेपोल्क्रो नावाच्या गावी, सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने आम्हां उभयतांकडे एकवार नीट पाहिले. माझ्या पोटापाशी त्याची नजर अंमळ रेंगाळली, आणि त्याने बॅटरीच्या दोन सायकली पुढे केल्या. सौ.ने मुकाट्याने त्यांतली एक घेतली. मी मात्र मान हलवली, आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या साध्या सायकलकडे बोट दाखवले. आठवीपासून बी. ए.पर्यंत रोज सिंहगड रस्त्यावरून सायकल मारलेला माणूस मी! या वयात बॅटरीचे पाय लावून घेऊ?

"अहो, तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांचे होतात," सौ. म्हणाली.

ती बँकेत अधिकारी आहे. आकड्यांच्या बाबतीत तिच्याशी वाद घालू नये.

ही सहल आमच्या मेव्हण्याने ठरवून दिली होती. तो मिलानला नोकरीला असतो. रोम-व्हेनिसला सगळेच जातात, तुम्ही टायबरच्या वरच्या खोऱ्यात जा, आठ दिवस सावकाश सायकली चालवा, डोंगरमाथ्यावरची जुनी गावे बघा, असा त्याचा आग्रह. शिवाय ते स्वस्तही पडते, हा त्याचा मुद्दा आमच्या घरात विशेष प्रभावी ठरला.

पहिल्याच सकाळी, जिथे उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी पाव, लोणी आणि मुरंबा पुढे ठेवला. पावाचा तुकडा तोंडात घातला, आणि काहीतरी चुकले असे वाटले. पावात मीठच नव्हते. बाई विसरल्या असाव्यात म्हणून आम्ही भिडेने गप्प बसलो. दुपारी दुसऱ्या दुकानातून पाव घेतला, तोही आळणी. मग चौकशी केली तेव्हा कळले, की तोस्काना आणि उम्ब्रिया या प्रांतांत पाव असाच करतात. शेकडो वर्षे करतात. मीठ महाग होते म्हणून, मिठावरच्या करावरून भांडण झाले म्हणून, अशा नाना कथा त्यावर सांगतात.

आणि तो आळणी घास घशाखाली उतरता उतरता मला इटलीबाबा आठवले. तीस-पस्तीस वर्षांत एकदाही आठवले नव्हते.

माझे आजोळ माणगाव तालुक्यात. मे महिन्यात आम्ही सगळी मावसभावंडे तिथे जमत असू. आजोबांच्या घराच्या वरच्या अंगाला एक म्हातारे गृहस्थ राहत. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून ते इटलीत लढून आले होते. उजवा गुडघा ताठ, खाकी टोपी, आणि महिन्यातून एकदा पेन्शन आणायला तालुक्याला जायचे, एवढेच त्यांचे वैभव. संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले की इटलीच्या गोष्टी सुरू. तिथली माणसे भाकरीत मीठ घालत नाहीत. मक्याच्या पिवळ्या पिठाचे पिठले करून फळीवर ओततात. गाव नेहमी डोंगराच्या माथ्यावर. "वरचा खालच्याला बघतो, पण खालच्याला वरचा दिसत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. आम्ही पोरे एकमेकांना कोपरखळ्या मारून हसत असू. त्यांच्या माघारी त्यांना 'इटलीबाबा' म्हणत असू, आणि 'इटली सोडणे' म्हणजे थाप मारणे, असा आमचा वाक्प्रचारही होता.

सौ.ला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे भाकरीचं खरं होतं तर." आणि तिने वहीत पावाचे पैसे मांडले.

सानसेपोल्क्रोत सौ.ला तिचे दैवत भेटले. लुका पाचिओली हा गणिती या गावचा. जमा-नावेची दुहेरी नोंद कशी ठेवावी, ते त्याने १४९४ साली छापून प्रसिद्ध केले. गावात त्याचा पुतळा आहे. सौ. त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिली, की मला लग्नाच्या मुहूर्ताची आठवण झाली. माझे दैवत मात्र जुन्या नगरभवनात, भिंतीवर होते. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का हाही इथलाच. त्याचे 'पुनरुत्थान' हे भित्तिचित्र पंधराव्या शतकातले. ख्रिस्त थडग्याच्या कठड्यावर एक पाय ठेवून उभा आहे, आणि खाली चार शिपाई गाढ झोपले आहेत. त्यांतला एक, भिंतीला डोके टेकून झोपलेला, हा स्वतः चित्रकारच, असे परंपरा सांगते. ख्रिस्ताची नजर सोसवत नाही. पुन्हा पुन्हा डोळे खाली, त्या दमलेल्या शिपायांकडे जातात.

या चित्राची एक हकीकत मी माझ्या वर्गात आता दर वर्षी सांगणार आहे. ऑल्डस हक्स्ले याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, हे जगातले सर्वोत्तम चित्र आहे, असे लिहिले. १९४४ साली टोनी क्लार्क नावाचा एक इंग्रज तोफखाना अधिकारी या गावावर गोळे टाकत होता. मारा चालू असताना त्याला आठवले, की हे नाव आपण कुठेतरी वाचले आहे. निबंध आठवला, आणि त्याने तोफा थांबवल्या. जर्मन आधीच निघून गेले होते, हे मागाहून कळले. गावाने एका रस्त्याला क्लार्कचे नाव दिले आहे. ललित निबंध लिहून काय होते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना, आणि प्राचार्यांनाही, माझ्याजवळ आता उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी आंगियारीला निघालो. सात-आठ किलोमीटरचा रस्ता, फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ. मात्र शेवटी एकदम छातीवर येतो. दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेते आणि त्यांत तांबडीलाल खसखशीची फुले. मी पुढे होतो, शीळ घालत होतो. मध्ये एक पूल लागला. खाली बेताचे पाणी, आपल्या एखाद्या ओढ्याला शोभेल इतके. पुलाच्या तोंडाशी नदीच्या नावाची पाटी होती. ती मी सहज वाचली, आणि ब्रेक दाबला. मागून येणारी सौ. माझ्यावर आदळता आदळता वाचली.

पाटीवर लिहिले होते: तेवेरे.

मी तेव्हा सातवीत असेन. नुकताच भूगोलात पहिला आलो होतो. इटलीबाबा म्हणाले, "आम्ही तेवर नदीच्या काठाकाठानं वर गेलो." मी घरातून नकाशांचे पुस्तक आणले. ओट्यावर आजोबा होते, दोन मामा होते, वरच्या आळीतली चार माणसे होती, आणि बाबांचा मुलगाही होता. मी इटलीचे पान उघडले, सगळ्या नद्या मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि म्हणालो, "इटलीत तेवर नावाची नदीच नाही." बाबांनी पुस्तक हातात घेतले. त्यांना अक्षरे फारशी येत नव्हती. बराच वेळ ते त्या निळ्या रेघांकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "असेल, बाबा. लिहिणाऱ्याला ठाऊक." सगळे हसले. मामाने माझी पाठ थोपटली.

नकाशात 'टायबर' असे लिहिले होते. इंग्रजीत रूढ असलेले नाव. बाबांनी मात्र नदीचे नाव नदीकाठच्या माणसांकडून ऐकले होते.

"अहो, बरं वाटत नाही का?" सौ.ने विचारले. मी म्हणालो, चढ पाहून दम खातो आहे.

आंगियारीचा चढ मी उतरून, सायकल ढकलत चढलो. सौ. गुणगुणत पुढे निघून गेली. या गावाखालच्या मैदानात १४४० साली फ्लॉरेन्सने मिलानच्या फौजेचा पराभव केला. ती लढाई लिओनार्दोने फ्लॉरेन्सच्या भिंतीवर रंगवायला घेतली होती. ते चित्र उरलेले नाही. मॅकियाव्हेलीने लिहून ठेवले आहे, की या लढाईत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून. इतिहासकार हे मानत नाहीत. वर पोचलो तेव्हा मी मात्र दुसऱ्या क्रमांकासाठी अगदी तयार होतो.

पुढचे तीन दिवस थोडक्यात सांगतो. कारण सुख सांगायला फारसे काही नसते. चित्ता दि कास्तेल्लोत तंबाखू वाळवण्याच्या जुन्या प्रचंड शेडी काळ्या रंगवून त्यांत आल्बेर्तो बुर्री याची अवाढव्य चित्रे मांडली आहेत. मला ती कळली नाहीत. तंबाखू ओळखीची वाटली. दुपारी दुकाने बंद, रस्ते सामसूम. दर दहा किलोमीटरला कॉफी, उभ्याने, दोन घोटांत. गुडघे बोलू लागले होते. सौ.ने दोनदा सायकली बदलायचे सुचवले. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तिने सुचवले नाही.

सहाव्या दिवशी मोंतोने. नदी सोडून चार-पाच किलोमीटर वर, खोऱ्यापासून दोनशे मीटरांहून अधिक उंचीवर, तटबंदीच्या आत मूठभर घरे. पंधराव्या शतकातला गाजलेला भाडोत्री सेनापती ब्राच्चो याचे घराणे इथले. अशी गावे डोंगरावर का बांधली, ते पुस्तकात वाचले होते: शत्रू यावा तर दमून यावा. पण वाचणे वेगळे, आणि दुपारी अकराच्या उन्हात त्या वळणावळणाच्या रस्त्याने सायकल ढकलणे वेगळे. दर वळणावर गाव दिसे आणि पुन्हा नाहीसे होई. वरच्या तटाला टेकून उभ्या असलेल्या कुणालाही मी सबंध वाटभर दिसत असलो पाहिजे. मला तिथून कुणी दिसत नव्हते. इटलीबाबांचे वाक्य त्या चढावर माझ्या पायांना समजले.

वर पोचलो तेव्हा सौ.ची सायकल भिंतीला लावलेली होती, आणि ती एका सूर्यघड्याळापुढे उभी होती. मला पाहून तिने नुसती हाक मारली, "इकडे या. हा तुमच्या माणगावचा."

ते नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक होते. २०२३ साली उभारलेले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे त्याचे लॅटिन बोधवाक्य. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले घाडगे १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात पडले. वय बावीस. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली, आणि त्यांच्या तुकडीतले बाकी सारे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन बंद पाडली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, नव्या भरायला अवधी नव्हता, तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांना लोळवले. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांची थडगी सापडली नाहीत, त्यांची नावे कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत त्यांचेही आहे. इटलीत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले, आणि पाच हजार सातशेहून अधिक परतले नाहीत.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. मला ठाऊक होता. पुतळा म्हणजे पुतळा. त्याच्यामागे इतका मोठा चढ असतो, हे ठाऊक नव्हते.

इटलीबाबा कुठल्या पलटणीत होते, हे आम्ही कधी विचारले नाही. ते याच चढावर होते, की दुसऱ्या कुठल्या, हे आता कळायला मार्ग नाही.

उतरताना मी सौ.ला म्हणालो, "तुझी सायकल दे." तिने कारण विचारले नाही. वहीत त्या दिवशी दोन सरबते मांडलेली आहेत. बाकी काही नाही.

परत आल्यावर जूनमध्ये कॉलेज सुरू झाले, पाऊस लागला. गणपतीत दोन दिवस सवड मिळाली, तेव्हा आजोळी गेलो. मामा आता कुणी उरले नाहीत. वरच्या अंगाचे घर मात्र आहे. बाबांचा मुलगा सत्तरीला आला आहे. मी त्याला फोनमधला पुलावरचा फोटो दाखवला, पाटी वाचून दाखवली, आणि नदीचे नाव सांगितले. त्याने फोन लांब धरून, डोळे बारीक करून पाहिले.

"तेच नाव," तो म्हणाला. "बाबा शेवटच्या आजारातही तेच घ्यायचे. पण तुम्ही पुस्तकात बघून सांगितलं होतंत ना, सर. म्हणून मग आम्हीच त्यांना गप्प करायचो."

मग त्याने आत वळून, चहा टाकायला सांगितले.