एकादशी कोणत्या सूर्योदयाची?



अमेरिकेत सहा महिने मुलाकडे राहून आलो. तेव्हापासून भेटेल तो माळकरी एकच विचारतो, "महाराज, तिकडं उपासाला काय मिळतं?" माउली, सगळं मिळतं. न्यू जर्सी राज्यात एडिसन म्हणून गाव आहे. तिथल्या ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानं ओळीनं आहेत. साबुदाणा, राजगिरा, शेंगदाणे, भगर, काही कमी नाही. भगरीला तिथले गुजराती दुकानदार मोरैयो म्हणतात, तेवढं लक्षात ठेवा. एक गंमतही सांगतो. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिरा, आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद, ही सगळी पिकं मूळची अमेरिका खंडातलीच. म्हणजे मी फराळ केला तो फराळाच्या माहेरी जाऊन. ज्ञानोबारायांच्या काळी, १३व्या शतकात, एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती, हे ताट शिगोशीग भरून घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

पण खरा प्रश्न फराळाचा नाही. एकादशी धरायची कोणत्या दिवशी, हा आहे.

तिथी सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. सूर्य मात्र सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही. समजा, आपल्याकडं सोमवारी सकाळी ८ वाजता एकादशी लागली आणि मंगळवारी ९ वाजता संपली. मंगळवारच्या सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून आपण मंगळवारी धरतो. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागं. तिथं ती रविवारी रात्री साडेदहाला लागते आणि सोमवारी रात्री साडेअकराला संपते. मंगळवारच्या सूर्योदयाला तिथं द्वादशी. म्हणजे तिथल्या माणसाची एकादशी सोमवारी. पुण्यात छापलेलं पंचांग तिथल्या भिंतीवर लावलं, तर दर वेळी नाही, पण कधी कधी असा एक दिवस चुकतो. संकल्प सोडताना आपण गोदावरीच्या दक्षिण तीरी म्हणतो ना? तिकडचे काही पुरोहित तिथं क्रौंचद्वीप म्हणतात. जिथं बसलात तिथलं नाव घ्यायचं, तर सूर्योदयही तिथलाच घ्यायचा.

माझा थोरला तिथं १४ वर्षं आहे. जाण्याआधी सहा वर्षं माझ्याबरोबर आळंदीहून पायी आला, टाळ घेऊन. तिकडं गेल्यावर वारी सुटली, माळ सुटली नाही. दशमीला त्याच्या आईचा फोन जायचा, "उद्या एकादशी रे बाळा." ती सांगेल तो दिवस तो धरायचा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळी गेल्या, तेव्हा तो आला नाही. गावात कुजबुज झाली. पुंडलिकाचं आख्यान जन्मभर लावणाऱ्याचा पोरगा, असं कानावर आलं. त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही तिथं गेल्यावर नीट कळलं. नोकरीच्या परवान्यावर तिथं राहणं कायदेशीर असतं, पण पासपोर्टावरचा शिक्का संपलेला असेल तर देश सोडता येतो, परतायला देशाबाहेरच्या कचेरीतून नवा शिक्का घ्यावा लागतो. तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. कायमच्या वास्तव्याचं कार्ड मागावं, तर नोकरीवाल्यांसाठी वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला शेकडा ७ पेक्षा जास्त नाहीत. देश लहान असो की मोठा, माप एकच. म्हणून आपल्या लोकांची रांग कित्येक वर्षांची. पंढरीची दर्शनबारी लांब म्हणून कुरकुरणाऱ्यांनी ती रांग बघावी. मागं बायको, दोन लेकरं, घराचं कर्ज. अग्नी धाकट्यानं दिला. थोरल्यानं फोनवर पाहिलं.

त्याच्या घरी एका रविवारी कीर्तन झालं. तिकडं हरीलासुद्धा रविवारीच सवड काढावी लागते. घरं लाकडाची, पावली खेळायला लागले की तळमजल्यावरची भांडी वाजतात. मी निरूपणाला पुंडलिकच घेतला. माझा मुलगा समोर टाळ धरून उभा होता. त्याचा टाळ चुकला नाही.

रात्री भांडी विसळताना तो म्हणाला, "अण्णा, आता मी कोणती एकादशी धरू?"

मी वर सांगितलं तेच शास्त्र त्याला सांगायला लागलो. तो म्हणाला, "अण्णा, ते मला दहा वर्षं ठाऊक आहे. फोनमध्येच दिसतं. आई उपाशी असताना मी जेवायचं कसं, म्हणून तिची धरत होतो."

माउली, मी ४५ वर्षं कीर्तन केलं. शंका विचारणारे पुष्कळ भेटले. शास्त्राबाहेरचं उत्तर देण्याचा अधिकार मला नाही, असं मी नेहमी म्हणत आलो. पण त्या दहा वर्षांतली त्याची एकही एकादशी वाया गेली असं मी म्हणणार नाही. कोणी पंडित म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालीन.

त्याला एवढंच म्हणालो, "आता इथल्या सूर्याची धर. तुझी पोरं इथं जन्मलीत. त्यांना एक दिवस ठरलेला दिसू दे." तो बराच वेळ नळाखाली तेच ताट धरून उभा राहिला. मग बरं म्हणाला.

आता दिवस वेगळे आले की फोन त्याचा येतो. "अण्णा, आमची आज. तुमची उद्या." नातीला हरिपाठाची सुरुवात येते, ती फोनवर म्हणून दाखवते. दुसऱ्या दिवशी इथं माझा उपास चालू असतो, आणि तो तिथं द्वादशी सोडून कामावर निघालेला असतो.