फेब्रुवारीची गाडी, ऑक्टोबरचं इंजिन

“सहा म्हणजे सहासष्ट. गाडी सहासष्टची, इंजिन सहासष्टचं. अजून काय पाहिजे तुम्हाला?” त्या विक्रेत्यानं हे इतक्या थंडपणे म्हटलं, की आजही आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत उमेदवारी केली, पुढे पुणं, मग डेट्रॉईट. या भागात मोटारींच्या कंपन्यांत काम करणारे मराठी इंजिनिअर पैशाला पासरी. त्यातल्याच एका मित्रानं १९६६ची फोर्ड मस्टँग घेतली. जाहिरातीत ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे इंजिन त्याच गाडीचं मूळचं, असं ठळक छापलेलं होतं आणि त्या दोन शब्दांपायी काही हजार डॉलर जास्त लावलेले होते.

आपल्याकडे आरसी बुकात चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. आरटीओत तर कागद ठेवून, वर पेन्सिल घासून चासी नंबरचा ठसा द्यायला लागतो. मित्राला वाटलं, इथंही कुणीतरी तसंच ताडून पाहिलं असणार. पण त्या काळच्या साध्या मस्टँगमध्ये ताडून बघायला नंबरच नाही! ‘के’ कोडचं हाय-परफॉर्मन्स २८९ इंजिन सोडलं, तर फोर्ड तेव्हा इंजिनच्या ब्लॉकवर गाडीचा नंबर मारत नसे. ते सरसकट सुरू झालं १९६८च्या गाड्यांपासून. मित्राची गाडी ‘सी’ कोडची, म्हणजे दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं साधं २८९. तिथं ‘नंबर्स मॅचिंग’ म्हणणं म्हणजे निव्वळ थाप. पुरावा म्हणून उरते ती फक्त ओतकामाची तारीख.

ती तारीख बघायला एका रविवारी आम्ही त्याच्या गॅरेजमध्ये गाडीखाली शिरलो. ड्रायव्हरच्या दाराच्या कडेवर जी पट्टी असते, तिच्यावर होतं १६बी. आधी दिवस, मग महिना. म्हणजे १६ फेब्रुवारी. वर्ष गाडीच्या नंबरातल्या पहिल्या आकड्यावरून कळतं, १९६६. ब्लॉकवर मात्र हा क्रम उलटा. आधी वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. आणि बघायची जागाही अशी, की स्टार्टर काढल्याशिवाय दिसत नाही. स्टार्टर उतरवला, वायरब्रशनं साठ वर्षांचा तेलकट मळ खरवडला, आणि बॅटरीच्या उजेडात उठावाची अक्षरं दिसली: सी६एई-६०१५. त्याच्याजवळ ६के२४.

महिन्यांच्या अक्षरांत ‘आय’ गाळलेला असतो, एकच्या आकड्याशी घोळ नको म्हणून. त्यामुळे ‘एच’ ऑगस्ट, ‘जे’ सप्टेंबर आणि ‘के’ ऑक्टोबर. २४ ऑक्टोबर १९६६. गाडी कारखान्यातून बाहेर पडून आठ महिने झाल्यावर या इंजिनाचं लोखंड साच्यात पडलं होतं.

फोटो काढून आम्ही विक्रेत्याकडे गेलो. त्यानं आधी सी६एईवर बोट ठेवलं. “हे बघा, सी म्हणजे साठचं दशक, सहा म्हणजे सहासष्ट.” दशक आणि वर्ष बरोबर, पण ते डिझाइनचं. ‘ए’ म्हणजे ते मुळात फोर्डच्या मोठ्या गाडीसाठी आखलेलं, ‘ई’ म्हणजे इंजिन विभाग, ६०१५ म्हणजे सिलिंडर ब्लॉक. याच नंबरचे ब्लॉक १९६७च्या गाड्यांतही गेले. हे मी सांगितल्यावर तो तारखेकडे वळला आणि सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य बोलला. मी म्हटलं, “के म्हणजे ऑक्टोबर. गाडी फेब्रुवारीची.”

त्यावर तो जे म्हणाला, त्याची हुशारी मला अजून सलते. “बरोबर. पण १९६६चं मॉडेल १९६५च्या शरदातच सुरू झालं होतं. हा सहा मॉडेलवर्षाचा आहे. म्हणजे हा ऑक्टोबर पासष्टचा. गाडीच्या चार महिने आधीचा. अगदी हवा तसा!”

ऐकणाऱ्याला पटावं असंच ते होतं. मित्र तर मान डोलवायला लागला. पण शिरोलीत पॅटर्नवरची तारखेची पट्टी बदलायचं काम मीही केलंय. ओतकामवाल्याला मॉडेलवर्षाशी काय देणंघेणं? तो भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. आणि याचा पुरावा त्याच गाडीत होता. वरचं बिडाचं इनटेक मॅनिफोल्ड मूळचंच होतं, त्यावर तारीख ५एम९. ९ डिसेंबर १९६५. विक्रेत्याच्या हिशेबानं तेही सहासष्टच्याच मॉडेलचं. मग तिथं सहा का नाही? ऑक्टोबर पासष्टचा ब्लॉक असता तर त्यावर ५के असतं. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. त्यानं ते बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावरचा विक्रीचा कागद आमच्याकडे सरकवला. त्यावर छापलेलं होतं, गाडी ‘आहे तशी’ विकली आहे. खाली मित्राची सही. विषय संपला.

माझं तर मत झालंय की या धंद्यात विक्रेत्याचा शब्द ऐकूच नये. दाराच्या पट्ट्या नव्या छापून मिळतात, हवी ती तारीख टाकून काचा मिळतात. म्हणून आधी पुढच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर बघा, मग पट्टी, मग स्टार्टर काढा. विक्रेता स्टार्टर काढू देत नसेल तर चहा न घेता निघा.

पण खरा राग मला विक्रेत्याचा आला की मित्राचा, हे नक्की सांगता येत नाही. परत येताना गाडीत हा म्हणतो, “अरे, पळते ना झकास? कुणीतरी जुनं इंजिन गेल्यावर दुसरं बसवलं असेल. त्यात काय!” म्हणणं चुकीचं नाही. गाडी चालवायला असते, आणि तारखांसाठी एकमेकांचे गळे धरणारी माणसं मी बघितली आहेत. स्टार्टरमागची चार अक्षरं वाचून गाडीची किंमत ठरवणं हा मला खुळेपणाच वाटत आला. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, तिथं त्यानं गाडी नेली; लोकांनी रंग विचारला, मायलेज विचारलं, फोटो काढले. तारीख एकानंही विचारली नाही, आणि मी मात्र दिवसभर कुणीतरी विचारेल म्हणून तिथंच उभा.

जूनमध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला फोर्डवाल्यांचा मोठा मेळा भरतो, जुन्या सुट्या भागांचा बाजारही असतो. ‘५एम’ किंवा ‘६ए’ तारखेचा २८९ ब्लॉक मिळाला, तर मित्राला न विचारता घेऊन ठेवायचा विचार आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.